आक्काचं माळवद

आक्का,

तुला उद्देशून काही लिहावं एवढा माझा अधिकार आहे का, हेच मला ठरवता येत नाही. म्हणून आधी माफी मागतो. तुला वाचता येत नव्हतं. माझं सगळं शिक्षण उर्दूत झालं. सरकारी दरखास्त कशी लिहायची ते मला येतं, वरिष्ठांना किती वेळा जनाब म्हणायचं तेही येतं. पण गेलेल्या बहिणीशी मराठीत कसं बोलायचं, हे कुणी शिकवलं नाही. जी मराठी मला येते ती तुझ्याच तोंडची आहे. ती तुलाच परत लिहून दाखवायची, हे मला जरा उद्धटपणाचं वाटतं. तरी लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. मला अजून ते खरं वाटत नाही. हे म्हणायची रीत आहे म्हणून म्हणत नाही. काल वखारीत कडुलिंबाचे दोन सर, जाड तुळया, आले, जुने, चांगले मुरलेले. माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं की आक्काला हे दाखवले पाहिजेत, ती आधी वास घेईल. मग मी तिथंच लाकडावर बसलो. मालक म्हणाले, "ऊन लागलं काय?" मी हो म्हणालो.

बातमी आली तेव्हाही मी याच वखारीत होतो. परीक्षा देऊन हैदराबादहून निघालो तो घरी न जाता नांदेडलाच उतरलो होतो, ते तुला ठाऊक आहे. मालकांना उर्दू कागद लिहायला माणूस हवा होता आणि मला आपल्या घरासाठी टिनांचं परमिट मिळवायचं होतं. त्या दिवशी किनवटहून आलेलं सागवान मोजणं चालू होतं. हमाल लांबी सांगत होते आणि मी लिहीत होतो. फाटकातून ज्ञानोबा आत आला. आपला शेजारी ज्ञानोबा, ज्याच्या गोठ्यात तू आणि आपले वडील, दादा, वर्षभर राहत होता, तो इथं नांदेडला कसा, हे मला कळेना. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. तो म्हणाला, "गोविंदा, पानी दे आधी." मी पाणी दिलं. तांब्या खाली ठेवून तो म्हणाला, "आक्का पांढरीत सापडली."

मी विचारलं, "काय सापडलं पांढरीत?"

तो म्हणाला, "आरं, दरड आली अंगावर. न्हाई राहिली आक्का."

मी हातातली ओळ पूर्ण केली. बारा फूट, चार नग. खाली रेघ ओढली. मग ज्ञानोबाला विचारलं, "किती माती होती?" कशासाठी विचारलं, ते मला माहीत नाही. तो माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "दोन गाड्या आसंल." मी मान हलवली, जणू कुणी मालाचा हिशेब सांगत होतं. आक्का, तुझ्या मरणाची बातमी मी अशी घेतली. रडू आलं ते मोटारीत, अर्ध्या वाटेवर, शेजारच्या बाईनं दशमीचा तुकडा पुढं केला तेव्हा.

मोटार मधेच बंद पडली. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं.

मला एक समजत नाही. तू कशी सापडलीस? दुसरी कुणी सापडली असती तर मी समजू शकलो असतो. पांढरीच्या त्या जुन्या टेकाडातून दरसाल बाया पांढरी माती आणतात, माळवदाच्या सपाट छतावर घालायला, भिंती पोतारायला. कुठं खणावं आणि कुठं नाही, हे सगळ्यांना तूच शिकवायचीस. मी लहान असताना तुझ्या मागं यायचो, तेव्हा तू मला लांब बाभळीखाली बसवायचीस. नव्यानं सासरी आलेल्या पोरींना तू खडसावायचीस, "वरून उतरत या गं. खालून पोखरू नका. ती काय तुमच्या सासूची कणगी हाय का, खालून बोळा काढला की दानं पडायला?" सगळ्या हसायच्या. पण ऐकायच्या. कुदळ मारायच्या आधी तू टेकाडावर चढून भेगा बघून यायचीस. आणि तीच तू आत, खाली, वाकून खणत होतीस म्हणे. दोघी होत्या बरोबर. त्या टोपल्या ओतायला बाहेर आल्या आणि मागं आवाज झाला.

त्यांतली एक मला म्हणाली, "आम्ही म्हणलो आक्का, बस झालं आता. तर म्हणली, वरली माती आळणी हाय, खालची खारट हाय, अजून चार टोपल्या काढते."

हे मात्र अगदी तुझंच. माळवदाची माती तू जिभेवर ठेवून बघायचीस. चिमूटभर घ्यायची, जिभेला लावायची, डोळे बारीक करायचे, थुंकायची. खारट निघाली तर ठीक. खाऱ्या मातीवर गवत उगवत नाही आणि पाणी खाली उतरत नाही, असं तू म्हणायचीस. कॉलेजात गेल्यावर मला वाटायला लागलं की हे अडाणीपणाचं आहे. रसायनाच्या तासाला एकदा वाटलं, नाही, आक्काचं बरोबर आहे. ते तुला सांगायचं राहून गेलं. सांगायला हवं होतं. तू हसली असतीस, "एवढं कळायला हैदराबादला जावं लागलं व्हय?" म्हणाली असतीस.

घराचं सगळं तूच निवडत होतीस. मागच्या उन्हाळ्यात आपलं छप्पर जळालं तेव्हा दादा नुसते राखेकडं बघत बसले. तू दुसऱ्या दिवशी माळावर दगड बघायला गेलीस. मी सुट्टीत आलो तेव्हा मलाही नेलंस. तू हातोडीनं दगडावर टकटक करायचीस आणि कान लावायचीस. खणखणला की घ्यायचा, बद्द वाजला की सोडून द्यायचा. आपला गवंडी इमामभाई मागून यायचा. तो एकदा म्हणाला, "आक्का, तुम्ही दगड पसंत करता का नवरदेव?" तू म्हणालीस, "नवरदेव माझ्या बापानं पसंत केला हुता, इमामभाई, त्यो टिकला न्हाई. दगड तरी मी बघून घेते."  तुझा नवरा प्लेगात गेला तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस आणि मी रांगत होतो. आई माझ्या जन्मातच गेलेली. त्यावर कुणी तुझ्याशी कधी बोलत नसे. तूच अशी मधेच बोलून जायचीस आणि पुढच्या दगडाकडं वळायचीस.

संक्रांतीच्या सुट्टीत आपण दोघं बैलगाडीनं लातूरला गेलो, तो दिवस मला राहून राहून आठवतो आहे. मी कॉलेजचा कोट घातला होता. तू म्हणालीस, "कोट काढ, दुकानदार भाव वाढवंल." मी काढला नाही. चुन्याच्या दुकानात तू पोत्यात बोट घातलंस आणि जिभेला लावलंस. दुकानदार म्हणाला, "बाई, दुकान खाता का काय?" तू म्हणालीस, "चांगला असला तर खाते बी. हे तुमचं अर्धं राख हाय." आजूबाजूची माणसं हसली. मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो, तुझ्याबरोबर नसल्यासारखा. तू बाहेर आलीस. फक्त माझ्याकडं एकदा बघितलंस. त्या बघण्याची माफी मी मागितली नाही.

मग टिनांचं दुकान. मीच नेलं होतं तुला. माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरांवर टिनं होती, कौलं होती. कुणी विचारलं की मी म्हणायचो, आमचं घर बांधणं चालू आहे. कसलं, ते सांगायचं टाळायचो. दुकानापुढच्या टिनाच्या पडवीखाली तू भर दुपारी उभी राहिलीस आणि वर हात लावून बघितलंस.

"हे तर तवा हाय रे."

"वर पेंढी टाकायची आक्का. थंड राहतं."

"पेंढी टाकायची तर मग छप्परच काय वाईट हुतं?"

"छप्पर जळालं की."

"हाव, ते बी खरं हाय." मग तू बोटांनी टिन वाजवलंस. "आन् पाऊस आला की? हे एवढं वाजतंय. घरात बोलायचं कसं?"

मी चिडून म्हणालो, "पावसात बोलायचं कशाला?"

तू म्हणालीस, "आरं, पावसातच तर मानसं घरात असतेत."

दुकानदारानंही मान डोलावली. मला फार राग आला. कौलं तर तू आधीच मोडीत काढली होतीस. मुरुडला दादांच्या मावसभावाचं घर कौलारू होतं आणि वानरांनी दर उन्हाळ्यात ती कौलं उलटीपालटी केली होती. "वानरांची शाकारणी" म्हणून तू दिवसभर हसायचीस. परत येताना गाडीत मी खूप बोललो. माळवद म्हणजे दरसाल माती, दरसाल पोतारा, गळलं की रात्रीतून उठून वर चढायचं, मुंग्या, उंदीर, वाळवी, आणि जाडजूड तुळया. टिनं म्हणजे एकदा टाकली की संपलं. इंग्रजी मुलखात सगळीकडं टिनं आहेत, असंही म्हणालो. इंग्रजी मुलूख मी पाहिलेला नव्हता.

आक्का, एक गोष्ट इथं लिहून ठेवायलाच पाहिजे, कारण तेराव्यापर्यंत घरात जो आला त्यानं हेच म्हटलं: "शिकलेला भाऊ बिचारा सांगत हुता, टिनं टाक म्हणून. ऐकलं असतं तर आज हे झालं नसतं." मी खाली मान घालून बसत होतो. लोकांना वाटलं दुःखानं. खरं असं आहे की त्या सगळ्या बोलण्यात मी दरडीचा एक शब्दही काढला नव्हता. तुला पांढरीला जावं लागतं, ते धोक्याचं आहे, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला मातीची लाज वाटत होती, एवढंच. लोक मला जे शहाणपण देत होते ते माझं नव्हतं, आणि मी ते परत केलं नाही. तेरा दिवस ठेवून घेतलं.

गाडी रेणापूरच्या जवळ आली तेव्हा तू एकदम म्हणालीस, "बरं. टाकू टिनं."

मला वाटलं थट्टा करतेस. "खरंच?"

"तुला शिकवलंय कशाला मग? प्रत्येक वक्ताला माझंच खरं करायचं आसंल तर तुला बैलामागंच ठेवला असता की." आणि मग, "पर खिडक्या बारीक. त्यात मी ऐकायची न्हाई."

खिडक्यांचं भांडण तसंच राहिलं. मला मोठ्या हव्या होत्या, वाचायला उजेड यावा म्हणून. तू म्हणायचीस मोठ्या खिडकीतून सगळं गाव आत येतं. "तू आल्यावर बघू," असं दर वेळी म्हणालीस. मी येऊन बघितलं नाही.

माघात पाया भरला. इमामभाईनं भिंती घ्यायला सुरुवात केली. तुझ्या सांगण्यावरून गावच्या शाळेतल्या मास्तरांनी मला पत्र लिहिलं होतं, त्यात सगळं होतं. तीन खण, दगड कंबरेपर्यंत, वर कच्च्या विटा, चौकटी लिंबाच्या. आणि शेवटी एक प्रश्न. भिंती छातीपर्यंत आल्या आहेत. पुढं टिनं असतील तर दोन बाजूंच्या भिंती मधे उंच घ्याव्या लागतील, ढाळ द्यायला. माळवद असेल तर चारी भिंती सपाट घ्यायच्या आणि तुळया जाड लागतील. टिनं नक्की येणार ना, तेवढं कळव, म्हणजे इमामभाई पुढं हात घालेल. तोवर काम थांबवलं आहे.

मी उलट टपालानं लिहिलं: नक्की येतील. दरखास्त दिली आहे. हनुमान जयंतीच्या आत पक्की बातमी देतो.

लढाई चालू असल्यानं टिनं, लोखंड, सगळं कंट्रोलमध्ये होतं. परमिटावाचून एक टिन मिळत नव्हतं. पण मला वाटायचं, दरखास्त चांगली लिहिली की काम होतं. मी ती चार वेळा लिहून काढली होती. अक्षर वळणदार होतं. कचेरीतल्या माणसानं हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी ती माझ्यापुढं सरकवली. कोपऱ्यात नामंजूर लिहिलेलं. म्हणाला, "खत अच्छा है तुम्हारा. मगर टीन खत पे नहीं मिलता, मियाँ." त्याला वाईटपणा करायचा नव्हता. खरंच अक्षर आवडलं असावं.

तुला त्याच दिवशी कळवायला हवं होतं. नांदेडहून आपल्या गावाला पत्र जायला चार दिवस. तू हातोहात दुसरं काही ठरवलं असतंस. पण मी लिहिलं नाही. म्हणजे लिहिलं आणि फाडलं. एकदा लिहिलं, खटपट चालू आहे. ते खोटं होतं म्हणून फाडलं. एकदा लिहिलं, माझं चुकलं, तुझं माळवदच बरोबर होतं; ते मास्तर मोठ्यानं वाचणार आणि पारावर चार माणसं ऐकणार, या विचारानं फाडलं. मधेच वाटायचं, एखादा व्यापारी बाजूला काढून ठेवलेली टिनं देईल. तशी विचारपूस करत हिंडलो. कुणी दाद दिली नाही. असे बारा दिवस गेले. तिकडं भिंती छातीपर्यंत येऊन उभ्या, पावसाळा पुढं आलेला, आणि मी इथं लाकडं मोजत होतो.

तेराव्या दिवशी एकदाचं लिहिलं. दोनच ओळी. टिनं मिळत नाहीत. तुला योग्य वाटेल ते कर. नेहमीप्रमाणे पत्ता शाळेचा घातला, मास्तर तुला वाचून दाखवतील म्हणून.

चार दिवसांनी सकाळी ते पोचायला हवं. त्याच दिवशी सकाळी तू पांढरीला गेलीस.

आता तुला कळलं असेल, मी काय घेऊन बसलो आहे. एकवीस दिवस मी हाच हिशेब करतो आहे. डाकवाला गावात कधी येतो, मास्तर शाळेत कधी येतात, तू भाकरी थापून कधी मोकळी होतेस. मला दिसतं ते असं: मास्तरांनी पत्र वाचलं. तुला योग्य वाटेल ते कर. तू टोपली उचललीस आणि निघालीस. पाऊस जवळ आला, घर उघडं पडलंय, बारा दिवस फुकट गेलेत, आता चार टोपल्या जास्त काढायला हव्यात. म्हणून खाली शिरलीस. म्हणून वर चढून भेगा बघितल्या नाहीस.

गावी असताना मी विचारू शकलो असतो. पण ज्यांना विचारायचं ते मास्तर नेमके त्याच दिवशी शाळेला सुट्टी लावून लातूरला गेलेले. पत्र वाचून गेले की न वाचता, कुणाला माहीत नव्हतं. दादांना विचारलं. त्यांना आता फारसं ऐकू येत नाही. मी मोठ्यानं म्हणालो, "आक्काला माझं पत्र आलं होतं का?" ते म्हणाले, "आक्का येईल की. पांढरीला गेलीय." तिथंच माझं विचारणं संपलं. बाकी कुणाला मी विचारलं नाही, आणि घराच्या जागेकडं फिरकलो नाही. लोकांना वाटलं, बघवत नसेल. खरं सांगायचं तर कुणी "हाव, पत्र आलं हुतं" म्हणेल याची मला धास्ती वाटत होती. तेरावा झाला आणि मी दादांना ज्ञानोबाच्या हवाली करून परत आलो, पळून आल्यासारखा.

तू असतीस तर मला या हिशेबातून बाहेर काढलं असतंस. लहानपणी पाढा चुकला की मी रडत बसायचो. तू सारवता सारवता म्हणायचीस, "पुन्यांदा म्हण." तुला पाढे येत नव्हते. तरी तू ऐकायचीस आणि मी अडखळलो की तुला कळायचं. पुढं मी उर्दूची पुस्तकं मोठ्यानं वाचायचो, तीही तू ऐकायचीस. एक अक्षर कळत नसे. संपलं की म्हणायचीस, "झाक वाचलास." माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील वकील आहेत, मुन्सफ आहेत. त्यांचं वाचन कुणी असं ऐकलं असेल असं मला वाटत नाही. हे मी तुला सांगितलं नाही. मी तुला घरात बसवून मोठी खिडकी दाखवणार होतो, नोकरी लागल्यावर सांगणार होतो. सगळं पुढं ढकलून ठेवलं होतं मी, त्या पत्रासारखं.

इथवर परवा लिहिलं होतं. पुढं लिहायचं धाडस होत नव्हतं. आज दुपारी इमामभाई वखारीत आला.

नांदेडला त्याच्या बहिणीकडं लग्न आहे. पण तो मुद्दाम मला शोधत आला होता. खांद्यावरचा गमछा काढून लाकडांवर पसरला आणि त्यावर बसला. आल्याआल्या त्यानं वखारीतलं लाकूड ठोकून बघितलं. तुझी सवय त्यालाही लागली आहे. म्हणाला, "बाबा, तुमचे दादा कायबी सांगत न्हाईत. भिंती तश्याच हायेत. पाऊस आला की विटा भिजून जातील. काय करू ते सांगा." मग खिशातून त्यानं एक पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. "आन् हे मास्तरनं दिलंय."

माझंच पत्र. न फोडलेलं. वरचा डिंक जसाच्या तसा.

मास्तर परवा लातूरहून परत आले, शाळा उघडली, तेव्हा ते दाराच्या आत पडलेलं होतं. डाकवाल्यानं बंद दाराच्या फटीतून सरकवून दिलं होतं. कुणी वाचलं नव्हतं. तुला कुणी दाखवलं नव्हतं.

आक्का, माझ्या तोंडून "बरं झालं" असं निघालं. मोठ्यानं.  मी म्हणालो, "इमामभाई, म्हणजे माझ्या पत्रामुळं आक्का गेली नाही. तिला माहीतच नव्हतं. ती टिनांचीच वाट बघत होती. मग ती पांढरीला पोताऱ्यासाठी गेली असेल. दरवर्षीसारखी."

इमामभाई उठला, खालचा गमछा उचलला. त्यानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही जागेकडं गेलाच न्हाईत का? भिंती सपाट हायेत. चारीबी सपाट. तुळया बी चढवून ठेवल्यात बाभळीच्या."

मी विचारलं, "कधीपासून?"

"हनुमान जयंती होऊन चार-पाच दिन झाले आसतील. आक्का आल्या आन् म्हणल्या, इमामभाई, ढाळ नको, सपाट घ्या, माळवद करू. मी म्हणलो, भाऊचा कागद तर येऊ द्या. एवढे दिवस थांबलो, अजून आठ दिवस थांबू."  पुढचं सांगावं का नाही, हे त्याला कळत नसावं. मी म्हणालो, सांगा.

"म्हणल्या, टिनं मिळाली आसती तर गोविंदानं दुसऱ्या दिवशी कळवलं आसतं. मिळाली न्हाईत म्हणून त्याला लिव्हायला लाज वाटून राहिली. त्याला लिव्हायला लावायचंच न्हाई. त्यो यायच्या आत माळवद करून टाकू. मी म्हणलो, आक्का, एवढ्या थोड्या दिवसात एवढी माती कोन आणंल? तर म्हणल्या, मी आणते."